इंगळी, फुरसे आणि पाव गोळी

माण तालुका सातारा जिल्ह्यातला आणि आटपाडी तालुका सांगलीतला. आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र या दोहोंच्या शिवेजवळ आहे, त्यामुळे केसपेपरवर दोन्ही जिल्ह्यांचे पत्ते येतात. खडकाळ माळ, दगडी बांध, कडब्याच्या गंजी आणि भिंतीला लावलेले शेणींचे ढीग दोन्हीकडे सारखेच. वळवाचा पाऊस पडून गेला की दगडाखालून लाल विंचू बाहेर पडतात आणि आमची रात्रपाळी वाढते.

विषावरचं संशोधन म्हटलं की डोळ्यांपुढे एखादी परदेशी प्रयोगशाळा येते. माझ्या रोजच्या कामात मात्र ते औषधांच्या कपाटात, बीपीच्या गोळीत आणि रात्रीच्या खाटेजवळ भेटतं. जूनच्या पहिल्या आठवड्यातला हा एक दिवस.

सकाळी ७:३०

ओपीडी सुरू व्हायच्या आधी सिस्टरांबरोबर आणीबाणीचं कपाट उघडते. सर्पदंशावरच्या लसीच्या कुप्या मोजायच्या. वाळवलेली भुकटी असते, ऐनवेळी पाण्यात विरघळवून शिरेतून द्यायची. ॲड्रेनॅलिन जवळच हवं, कारण लसीचीच रिॲक्शन आली तर पहिला आधार त्याचा. नाग-मण्यारीसाठी निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिन. साबण न लागलेल्या, कोरड्या काचेच्या परीक्षानळ्या. त्या कशाला लागतात ते दुपारी येईलच.

खालच्या कप्प्यात विंचवाचा डबा. त्यात विंचवाची वेगळी लस, कारण सापाची लस विंचवाला चालत नाही. तिच्याशेजारी प्राझोसिनची साधी एक मिलिग्रॅमची गोळी. हीच गोळी सावकाश विरघळणाऱ्या प्रकारातही मिळते, ती या डब्यात ठेवायची नाही. विंचवाच्या रुग्णाला औषध लगेच लागतं, दिवसभर पुरवून पुरवून नव्हे.

सकाळी ९:००

ओपीडीत पहिला नंबर एका आबांचा. बीपी ताब्यात आहे, तक्रार वेगळीच.

"डॉक्टरीणबाई, खोकला काय हटंना बगा. कोरडा ठ्याक ठ्याक. रातभर म्हातारीला झोप न्हाई."

केसपेपर पाहिला तर गोळी एनालाप्रिल. या गोळीचं मूळ ब्राझीलच्या एका सापात आहे. जराराका हा तिथला विषारी घोणसवर्गीय साप. त्याचं विष टोचलं की रक्तदाब झपाट्यानं पडतो. त्याचा माग काढताना १९४९ साली मॉरिसिओ रोशा इ सिल्व्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ब्रॅडिकायनिन सापडलं. आपल्याच शरीरात तयार होणारं, रक्तवाहिन्या सैल करणारं हे पेप्टाइड. पुढे १९६५च्या सुमारास सर्जिओ फेरेरा यांनी त्याच विषात असे छोटे पेप्टाइड दाखवले, जे ब्रॅडिकायनिनचं विघटन थांबवतात. ज्या एन्झाइममुळे ते विघटन होतं, तेच एन्झाइम रक्तदाब चढवणारं रसायनही बनवतं. म्हणजे ते अडवलं तर दोन्ही बाजूंनी दाब उतरणार.

अडचण गिळण्याची होती. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. पोटात गेली की डाळीतल्या प्रथिनासारखी पचून जाते. जराराकाच्या विषावरून तयार केलेलं नऊ अमिनो आम्लांचं टेप्रोटाइड काम करायचं, पण इंजेक्शननंच. अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीत डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंडेट्टी यांनी त्या पेप्टाइडचा नेमका कामाचा भाग ओळखला आणि पोटात टिकेल असा लहान रेणू बांधला. तो कॅप्टोप्रिल. १९८१ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. एनालाप्रिल त्याच घराण्यातलं.

आबांचा खोकलाही याच गोष्टीचा पुढचा भाग. ब्रॅडिकायनिनचं विघटन थांबलं की ते साठतं आणि काही जणांना असा कोरडा खोकला लागतो. गोळी बदलून टेल्मिसार्टन लिहिली, ती एन्झाइमला हात लावत नाही.

"आबा, आठ-पंधरा दिवसांनी खोकल्याचं सांगा. बीपीची गोळी मात्र बंद करायची नाही."

सापाची गोष्ट त्यांना सांगितली नाही. सांगितली असती तर गोळीच सोडली असती.

सकाळी ११:१५

पुण्यात नोकरी करणारा एक मुलगा आईला घेऊन आलाय. मावशींना दहा वर्षं साखर आहे. मुलगा विचारतो, "मॅडम, आठवड्याला एकदा घ्यायचं ते इंजेक्शन आईला चालेल का? वजनपण उतरतं म्हणे."

त्या औषधांच्या रांगेतलं पहिलं होतं एक्सेनाटाइड. अमेरिकेच्या वाळवंटात हिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा असतो. त्याच्या विषात डॉ. जॉन एंग यांना १९९२ साली ३९ अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड सापडलं. ते आपल्या आतड्यातल्या, इन्शुलिनला चालना देणाऱ्या एका संप्रेरकासारखं वागतं, पण त्याच्याइतकं पटकन नष्ट होत नाही. त्यावरून झालेल्या औषधाला २००५ मध्ये मान्यता मिळाली. आजची आठवड्याची इंजेक्शनं मानवी संप्रेरकात फेरफार करून केलेली आहेत. पण असं काही शरीरात टिकवता येतं आणि त्यानं साखर उतरते, हे औषधाच्या बाजारात आधी त्या सरड्यानं दाखवलं.

मावशींची किडनी, डोळे आणि खर्च, तिन्हींचा हिशेब करून मी आधी तपासण्या लिहून दिल्या. इंजेक्शनाचं नंतर बघू.

दुपारी १२:४०

ओपीडी आवरत आली तोवर दारात जीप थांबली. आटपाडीकडच्या डाळिंबाच्या बागेत गवत काढणारी बाई, वय चाळिशीतलं. उजव्या हाताच्या बोटाला फुरसं चावलंय. दंडाला सुतळी आवळून बांधलेली. बरोबरच्या माणसानं साप मारून पिशवीत आणलाय.

साप मारण्यात आणि आणण्यात वेळ जातो, आणि मेलेल्या सापाचं डोकंही चावू शकतं. उपचार आम्ही लक्षणांवरून ठरवतो. पण आत्ता बोलायची वेळ नाही. सलाइनसाठी सुई लावली, औषधं हाताशी ठेवली आणि मगच सुतळी हळूहळू सैल केली. दोन मिलिलिटर रक्त काचेच्या नळीत घेतलं, नळी रॅकमध्ये उभी केली आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. त्यानंतर ती तिरपी करायची. रक्त गोठलेलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विषानं रक्ताची गोठण्याची ताकद संपवली आहे. नळी साबणानं धुतलेली असेल तर ही परीक्षा फसते, म्हणून सकाळची ती मोजदाद.

फुरशाच्या विषात एकॅरिन नावाचं मोठं प्रथिन असतं. ते रक्त गोठवणारी साखळी भलत्या वेळी, भलत्या ठिकाणी सुरू करतं. सगळा माल त्यात खर्च होतो आणि मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागतं. त्याच विषात एकिस्टॅटिन नावाचं ४९ अमिनो आम्लांचं छोटं पेप्टाइड आहे. ते रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही. शेतात चावा बसला तर हा जिवावरचा घाला. पण हृदयाच्या धमनीत गुठळी होत असेल तर डॉक्टरला नेमकं हेच हवं असतं. एकिस्टॅटिनचा कामाचा भाग समोर ठेवून टायरोफिबॅन हा लहान रेणू तयार झाला आणि १९९८ साली वापरात आला. मिरज किंवा साताऱ्याच्या हृदयरुग्ण विभागात ते इंजेक्शन ज्याला मिळतं, त्याच्या औषधाची कल्पना फुरशाच्या विषातून आलेली असते.

वीस मिनिटं झाली. नळी तिरपी केली. रक्त वाहिलं.

दुपारी १:१५

सर्पलस सुरू, दहा कुप्या. पहिली काही मिनिटं खाटेजवळून हलायचं नाही. अंगावर पित्त उठतंय का, श्वास अडकतोय का, दाब उतरतोय का, याकडे डोळे.

ही लस येते तो मार्ग लांबचा आहे. चेन्नईजवळ इरुळा समाजाच्या साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था १९७८ पासून आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष मुख्यत्वे तिथून येतं. ते घोड्यांना थोडं थोडं टोचतात, घोड्याच्या रक्तात प्रतिपिंड तयार होतात, ते वेगळे काढून लस बनते. पण एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं, हे भारतातल्या अभ्यासांनी दाखवून दिलं आहे. तमिळनाडूतल्या विषावर बेतलेली लस माणदेशातल्या सापावर तितकीच चालते का, हे इथलं विष तपासूनच सांगता येईल. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज आहे. सापाचं विष कुठून घ्यायचं हा प्रश्न मग केवळ अभ्यासकांचा राहत नाही.

दुपारी ४:३०

आशाताईंची बैठक. विषय विंचू आणि साप. एका ताईंचं माहेर शिराळ्याकडचं. नागपंचमीमुळे बत्तीस शिराळ्याचं नाव सगळ्या देशाला माहीत आहे, म्हणून सुरुवात तिथून केली. नागाच्या विषातली ६०-७० अमिनो आम्लांची पेप्टाइडं नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाहीत. पापण्या जड होतात, मान पडते, मग श्वास थांबतो. मण्यारीच्या कुळातल्या तैवानी सापाच्या विषातलं असंच एक पेप्टाइड चँग आणि ली यांनी १९६३ मध्ये वेगळं काढलं. त्याच्याच मदतीनं नस आणि स्नायूच्या जोडावरचा ग्राहक रेणू हाती लागला. मायस्थेनिया नावाच्या, स्नायू थकवणाऱ्या आजाराचं निदान या ज्ञानावर उभं आहे.

मग विंचू. ताई विचारतात, "म्याडम, लई कळ येतीया म्हंजी इष जास्त चढलं, न्हवं का?"

उलट आहे, हेच ठसवायचं होतं. नुसती जिवाच्या आकांताची कळ आहे, बाकी काही नाही, असा रुग्ण बहुतेक सुखरूप राहतो. भीती त्याची, ज्याला दरदरून घाम सुटलाय, उलटी झालीय, तोंडातून लाळ गळतेय आणि हातपाय गार पडलेत. पुरुषांत आणखी एक खूण असते, लिंगाचा ताठरपणा. ती लाजेनं कुणी सांगत नाही, म्हणून आपण विचारायचं. बैठकीत हसू उसळलं. हसून झाल्यावर सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी ७:१५

लस सुरू करून सहा तास झाले. पुन्हा रक्त, पुन्हा नळी, पुन्हा वीस मिनिटं. या वेळी नळी उलटी केली तरी रक्ताचा गोळा जागेवर. बाईंच्या जावेनं हात जोडले. मी नोंदवहीत वेळ लिहिली. रात्रभर लक्ष ठेवायचंच आहे.

रात्री ९:१०

"इंगळीनं नांगी मारली वं, इंगळीनं!"

नऊ वर्षांची मुलगी, मेंढपाळाची. शेणी काढताना हाताला. तासभर झाला. वाटेत कुणीतरी पाला लावलाय. दोनदा ओकली. कपाळावर घामाचे थेंब, बाही ओली, तळपाय गार. नाडी धावतेय आणि दाब वयाच्या मानानं बराच जास्त. मुलगी कळ फारशी सांगत नाही. वडिलांना त्यामुळे बरं वाटतंय, मला नाही.

लाल विंचवाच्या विषातली ६०-७० अमिनो आम्लांची पेप्टाइडं नसांवरच्या सोडियमच्या वाटांवर बसतात. दारं धरताना पाणी वळवून झाल्यावर दार बुजवायचं असतं. तिथं कुणी दगड अडकवला तर सगळं पाणी एकाच वाफ्यात. तसं नसेचं होतं. वाट मिटत नाही, नस थांबत नाही, आणि शरीरात ॲड्रेनॅलिनच्या कुळातल्या रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो, आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरतं. माणूस त्यानं दगावतो.

कपाटातली गोळी हा आवळलेपणा सोडवते. हे शोधणारा माणूसही आमच्यासारखाच प्राथमिक आरोग्य केंद्रातला. डॉ. हिम्मतराव बावस्कर जालना जिल्ह्यातले, पण त्यांचं काम घाटाखाली महाडच्या परिसरात झालं. तिथं विंचवाचे रुग्ण डोळ्यांदेखत जायचे. त्यांनी प्रत्येक रुग्ण तासातासाला पाहिला, लिहून ठेवला. धोक्याच्या आगाऊ खुणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. आधी त्यांनी शिरेतून द्यायचं नायट्रोप्रुसाइड वापरलं, पण त्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा लागतो, खेड्यात ते कसं जमणार? मग रक्तदाबावरची साधी प्राझोसिनची गोळी आली, आणि १९८६ साली तिच्यावरचा लेखही 'लॅन्सेट'मध्ये. गंभीर रुग्णांतले शेकड्याला तीस-चाळीस मृत्यू एकाच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मुलीला पाव गोळी, म्हणजे २५० मायक्रोग्रॅम, कुटून चमचाभर पाण्यात दिली. उठू द्यायचं नाही, दाब एकदम पडू शकतो. पाणी, ओआरएस घोट घोट. ॲट्रोपिन द्यायचं नाही, त्यानं हृदयावरचा ताण वाढतो. बरोबर विंचवाची लस सुरू. महाडलाच झालेल्या आणि २०११ साली 'बीएमजे'त छापून आलेल्या चाचणीत ७० रुग्ण होते. गोळी आणि लस दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत सावरले, नुसत्या गोळीवरचे ३५ पैकी ८.

एकशे आठची गाडी दारात आणून ठेवली. मिरज अडीच-तीन तासांवर. पाठवायची वेळ आली तरी पहिली गोळी इथंच द्यायची, रिकाम्या हातानं गाडीत बसवायचं नाही.

रात्री १२:१०

तीन तास झाले. घाम थांबलाय. छातीत खरखर नाही, ऑक्सिजन बरोबर. तळपाय अजून गार. दुसरी पाव गोळी.

जागं राहायचंच असतं, म्हणून कागद वाचते. याच लाल विंचवाच्या विषात पोटॅशियमच्या वाटा अडवणारी पेप्टाइडंही आहेत. १९९० साली त्यातून ३७ अमिनो आम्लांचं आयबेरिओटॉक्सिन वेगळं काढलं गेलं. ते एकाच जातीची वाट बुजवतं, शेजारच्या जवळजवळ तशाच दिसणाऱ्या वाटेला शिवत नाही. २००२ मध्ये त्याच विषातलं ३१ अमिनो आम्लांचं टॅमापिन आलं, तेही असंच नेमकं. रक्तवाहिनी, मूत्राशय किंवा मेंदूत कोणती वाट कोणतं काम करते हे शोधायला जगभरच्या प्रयोगशाळा आयबेरिओटॉक्सिन मायक्रोग्रॅमच्या भावानं विकत घेतात. ते औषध नव्हे, औषध शोधायचं हत्यार आहे.

विषातून औषध इतकं सहज निघत नाही. शंखगोगलगायीच्या विषावरून झालेलं झिकोनोटाइड २००४ मध्ये असह्य वेदनांसाठी मान्य झालं, पण ते पाठीच्या कण्यातल्या द्रवातच सोडावं लागतं. पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या वाळवंटी विंचवाचं क्लोरोटॉक्सिन मेंदूच्या गाठीतल्या पेशींना चिकटतं. त्याला चमकणारा रंग जोडून शस्त्रक्रियेत गाठीची कड दिसावी, यासाठी माणसांवर चाचण्या झाल्या आहेत. अशा यादीत आमच्या लाल विंचवावरून झालेलं औषध अजून नाही.

रात्री ३:१०

तळपाय कोमट. नाडी उतरली. मुलगी पाणी मागते आणि मेंढरं कुणी कोंडली ते विचारते. तिसरी पाव गोळी. वडील भिंतीला टेकून घोरताहेत.

सकाळी ६:१५

दोन्ही पाय गरम. चौथी गोळी नाही.

आता नोंदवही. वय, गाव, चावल्याची वेळ, पोचल्याची वेळ, मधल्या वेळात काय केलं, घाम, उलटी, पायांचं तापमान, दाब, गोळीच्या वेळा, लस. या दवाखान्यात विष वेगळं काढायचं यंत्र नाही आणि येणारही नाही. पण आगाऊ खुणांचा शोध यंत्रातून लागला नव्हता, तो रुग्णाशेजारी बसून लिहिलेल्या अशाच नोंदींतून लागला. प्रयोगशाळेनं पेप्टाइडची एकेक कडी उलगडली तेव्हा गोळी का चालते हे समजलं. दोन्ही कामं लागतात. त्यातलं आपल्या हातातलं काम म्हणजे वही नीट भरणं, आणि मला वाटतं, सातारा-सांगलीच्या प्रत्येक केंद्रानं ती भरली तर इथल्या विषाचा अभ्यास कुठून सुरू करायचा हे कुणालाही दिसेल.

वाचणाऱ्यांना सांगायचं ते थोडं आहे. पावसाळ्याच्या तोंडाला बूट झटकून घाला, शेणी आणि कडबा काठीनं हलवा, अंधारात बॅटरीशिवाय हात घालू नका. विंचू चावला आणि घाम, उलटी किंवा गार पाय दिसले तर पाला, मंत्र, दोरी यात एक मिनिट घालवू नका. सापाला मारत बसू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात या, आणि तशी वेळ येण्याआधी तिथं प्राझोसिनची साधी गोळी आणि दोन्ही लसी आहेत का, हे आजच विचारून ठेवा. नसतील तर ग्रामसभेत मागा.